हिवाळ्यातील स्कॉटिश डोंगर आणि पायी फिरणारे

डोंगराची उंची सांगितली म्हणजे डोंगराचे सारे काही सांगितले, असा समज आपल्यात रूढ आहे. शाळेत शिखरांच्या उंचीचे तक्ते पाठ करावे लागतात, हे त्याचे एक कारण असावे. ब्रिटनमधील सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस १३४५ मीटर आहे. आपले कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे ब्रिटनच्या माथ्यापेक्षा ३०० मीटरांनी वरचढ. कळसूबाईवर दर हिवाळ्यात शाळकरी मुले साध्या बुटांनी जाऊन येतात. मग बेन नेव्हिसची कसली भीती, असे एखाद्यास वाटल्यास नवल नाही. शिवाय हिवाळा हा आपला डोंगर चढण्याचा ऋतू. बडोद्याची मंडळी पावागड चढावयास निघतात ती थंडीतच. हल्ली आपल्या कुटुंबांतील मुलेमुली उच्च शिक्षणासाठी एडिंबरो, ग्लासगो येथे जातात, नाताळच्या सुटीत मित्रांबरोबर डोंगराकडे वळतात, आणि हाच हिशेब मनात घेऊन जातात. तो तेथे का लागू पडत नाही, हे समजावून घेणे हा या लेखाचा विषय होय.

प्रथम अक्षांश पाहू. बडोदे २२ अंशांवर आहे, स्कॉटलंडचा डोंगराळ मुलूख ५७ अंशांच्या आसपास. डिसेंबरअखेरीस तेथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेतीनच्या सुमारास मावळतो. भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम १० अंश वर असतो. आपल्याकडील सर्वांत लहान दिवस पावणेअकरा तासांचा. तेथे पावणेसात तासांत चढणे, उतरणे आणि वाट चुकल्यास ती पुन्हा शोधणे हे सर्व बसवावे लागते.

उंचीबरोबर हवा थंड होत जाते, साधारण दर १००० मीटरांस साडेसहा अंश. पायथ्याच्या गावी पारा ३ अंशांवर असेल, तर १००० मीटर वर तो शून्याखाली तीन-साडेतीन अंश असावयाचा. एवढ्यावरच भागले असते तर चांगल्या लोकरीच्या कपड्यांनी निभावले असते. खरा शत्रू वारा होय. आपले शरीर स्वतःभोवती ऊबदार हवेचा पातळ थर बाळगून असते. वारा तो क्षणोक्षणी ओरबाडून नेतो. पारा उणे ५ असताना ताशी ६० किलोमीटरांचा वारा सुटला, तर उघड्या कातडीस ती थंडी उणे १६ अंशांसारखी लागते. त्या मुलखात ६० किलोमीटरांचा वारा म्हणजे काही विशेष नव्हे. केर्नगॉर्म शिखरावरील यंत्राने २० मार्च १९८६ रोजी ताशी २७८ किलोमीटर वेगाचा झोत नोंदविला आहे. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. अशा वाऱ्यात माणूस रांगू लागतो.

त्यात भर ओलेपणाची. अटलांटिक महासागरावरून येणारी वादळे एकामागून एक या डोंगरांवर आदळतात. सकाळी पाऊस, दुपारी ओला बर्फ, सायंकाळी कडक गारठा, हा क्रम एका दिवसात घडतो. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून कोरडी उणे १० अंशांची थंडी सोसणारा गडी भिजलेल्या कपड्यांत शून्य अंशाला खचतो. सुती कपडा तर भिजला की अंगाचा वैरीच. जीन घालून डोंगरावर जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

बेन नेव्हिसच्या माथ्यावरील हवेची माहिती आपणांस आहे ती मोठ्या कष्टांनी मिळालेली आहे. क्लेमेंट रॅग नावाचा गृहस्थ १८८१ व १८८२ च्या उन्हाळ्यांत रोज शिखर चढून नोंदी घेत असे. पुढे १८८३ मध्ये माथ्यावर वेधशाळा उभी राहिली आणि १९०४ पर्यंत तेथे राहून लोकांनी रात्रंदिवस निरीक्षणे केली. हिवाळ्यात दार बर्फाखाली जाई, तेव्हा भुयार खणून किंवा मनोऱ्यातून बाहेर पडावे लागे. वर्षाचे सरासरी तापमान शून्याच्या किंचित खाली भरले. (१८९४ मध्ये सी. टी. आर. विल्सन हा तरुण येथे दोन आठवडे होता. ढगांवर दिसणाऱ्या प्रकाशकड्यांनी तो मोहित झाला, आणि त्या नादातून पुढे त्याने मेघपेटी बनविली. तिच्यासाठी त्यास १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. विषयांतर झाले खरे, पण विज्ञान शिकविणाऱ्यास हे सांगितल्यावाचून राहवत नाही.)

आता एका दुर्घटनेकडे वळतो. शिक्षकांनी तिचा अभ्यास करावा असे मला वाटते. नोव्हेंबर १९७१ मध्ये एडिंबरोच्या एका शाळेची सुमारे पंधरा वर्षे वयाची मुले केर्नगॉर्मच्या पठारावर निघाली. हे पठार ११०० ते १२०० मीटर उंचीचे, विस्तीर्ण आणि खुणांवाचूनचे आहे. दोन तुकड्या होत्या. सशक्त मुलांची तुकडी पुढे गेली आणि पठारावरील एका लहानशा आसरा-झोपडीत सुखरूप पोहोचली. मागच्या तुकडीत सहा मुले व दोन तरुण मार्गदर्शक मुली होत्या. हिमवादळाने त्यांस गाठले. झोपडीपर्यंत पोहोचता येईना, म्हणून त्यांनी उघड्यावरच मुक्काम केला. एक रात्र गेली. दुसऱ्या दिवशी ताज्या बर्फातून हलता येईना. दुसरी रात्रही तेथेच गेली. तिसऱ्या दिवशी थोरली मार्गदर्शक हातापायांवर सरपटत मदत आणावयास निघाली असता हेलिकॉप्टरमधून दिसली. पाच मुले आणि धाकटी मार्गदर्शक असे सहा जण मृत्यू पावले. थोरली मार्गदर्शक आणि एक मुलगा वाचले. ब्रिटनच्या डोंगरांत याहून मोठा अपघात झालेला नाही.

१९७२ मध्ये या प्रकरणाची चौकशी झाली. त्यानंतर त्या झोपड्यांविषयी बराच वाद माजला. झोपडी म्हणजे जीव वाचविणारी वस्तू, ती काढून कशी टाकावी, असे एका पक्षाचे म्हणणे. परंतु बर्फाखाली गाडली जाणारी झोपडी वादळात सापडत नाही, आणि ती आहे या भरवशावर माणसे दुपारनंतरही पठार ओलांडावयास निघतात, हे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे होते. १९७५ मध्ये झोपड्या काढून टाकण्यात आल्या. मला दुसरा पक्ष पटतो. ज्या बेतात एक ठिकाण सापडलेच पाहिजे, अन्यथा दुसरा मार्ग नाही, तो बेत मुलांना घेऊन जाण्याजोगा नव्हे. मुलांबरोबर जाणाऱ्याने अमुक वाजता, अमुक ठिकाणी, वारा इतका असल्यास परत फिरावयाचे, हे घरी बसूनच कागदावर ठरवावे. वर गेल्यावर थकलेले डोके आणि पुढे जाण्याची हौस यांच्या हाती तो निर्णय सोपवू नये.

झोपडी सापडत नाही याचे कारण तेथील शुभ्रांधार. खाली बर्फ, वर ढग, मध्ये उडणारे हिमकण, सर्व एकाच रंगाचे. क्षितिज नाहीसे होते. आपण चढतो आहो की उतरतो आहो हे कळत नाही. अशा वेळी नकाशा, होकायंत्र आणि मोजलेली पावले यांवरच चालावे लागते. कड्याच्या तोंडाशी वाऱ्याने रचलेली बर्फाची वळचण पुढे आलेली असते. ती जमीन वाटते, पण खाली पोकळी असते. नैर्ऋत्येकडून वाहणारा वारा बर्फ उचलून ईशान्येकडील उतारांवर नेऊन टाकतो. तेथे, विशेषतः ३० ते ४५ अंशांच्या उतारावर, हिमलोट सुटण्याचा धोका अधिक. हिवाळ्याच्या मोसमात या हिमलोटांचा रोजचा अंदाज प्रमुख डोंगरविभागांसाठी प्रसिद्ध होतो. तो वाचल्यावाचून निघू नये. उतार टणक झालेला असल्यास बर्फाची कुऱ्हाड आणि बुटांखालचे पोलादी काटे हवेत, आणि ते वापरण्याचा सराव आधी झालेला हवा.

शरीर गारठू लागल्याची चिन्हे सोबत्यांनी ओळखावयाची असतात, कारण ज्यास ती होतात त्यास कळत नाहीत. माणूस ठेचकाळू लागतो, बोबडे बोलतो, चिडतो, हातमोजा पडला तरी उचलीत नाही. शरीराच्या आतील उष्णता ३५ अंशांखाली गेली की ही अवस्था सुरू झाली असे समजावे. ती ३२ च्या सुमारास आली की थरथर थांबते. अजाण सोबत्यास बरे वाटते. वस्तुतः ते संकट वाढल्याचे लक्षण आहे. काही जण तर अखेरीस उकडते म्हणून कपडे काढू लागतात. अशा माणसास वाऱ्याच्या आड न्यावे, ओले काढून कोरडे घालावे, खाली अंथरूण द्यावे, शुद्धीवर असल्यास गोड व गरम पाजावे. अंग चोळू नये, मद्य देऊ नये; मद्याने कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उरलीसुरली ऊबही बाहेर जाते.

वेळेचा अंदाज बांधण्यासाठी नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा अजून उपयोगी पडतो. मीटरांत सांगावयाचा तर सपाटीवर ५ किलोमीटरांस एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरांस आणखी एक तास. मऊ बर्फात हा वेळ सहज दुप्पट होतो. १० किलोमीटर अंतर आणि ९०० मीटर चढ असेल, तर उन्हाळ्याचे साडेतीन तास हिवाळ्यात सात होतात, आणि दिवस तर पावणेसात तासांचाच. म्हणून कपाळावर बांधावयाची विजेरी प्रत्येकापाशी असावी, एका तुकडीत एक असून चालणार नाही. मोबाइलची बॅटरी थंडीत भराभर उतरते. तो आतल्या खिशात ठेवावा. मार्ग आणि परतण्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी मागे राहणाऱ्यापाशी द्यावी. ठरल्या वेळी आपण आलो नाही, तर तो ९९९ वर पोलिसांस कळवील आणि ते डोंगरबचावाच्या तुकडीस बोलावतील. या तुकड्यांतील माणसे बहुतेक स्वयंसेवक असतात.

संकटाचा संकेत म्हणून मिनिटात सहा शिट्या द्याव्यात, मग एक मिनिट थांबावे, मग पुन्हा सहा. अंधारात विजेरीने हेच करावे. उत्तरादाखल मिनिटात तीन शिट्या येतात. त्या ऐकू आल्या तरी आपली शिटी चालूच ठेवावी, कारण वाऱ्यात शोधणाऱ्यास आवाजाची दिशा एकदम उमगत नाही.