टॉमी आला की आली?

मंचेरियलच्या एका विद्यार्थिनीने निबंधात लिहिले होते, "आमची टॉमी आली आणि दारात बसली." टॉमी हा नर आहे, हे पुढच्याच वाक्यातून कळत होते. मी लाल शाईने 'आमचा', 'आला', 'बसला' केले आणि समासात शेरा मारला : नाव ईकारान्त दिसले म्हणून स्त्रीलिंग करू नये. मुलगी, घोडी, कुत्री या वळणावर ती गेली असावी, असा माझा तर्क. पान उलटले तर शेजाऱ्यांचा टायगरही 'भुंकली'! टायगरला कुठला ईकार? शेरा खोडावा लागला.

खरे कारण तेलुगूत होते. तेलुगूच्या एकवचनात पुल्लिंग पुरुषांपुरते राखलेले आहे. मुलगा आला तर 'वच्चाडु'. मुलगी आली, गाय आली, गाडी आली, तरी 'वच्चिंदि'. कुत्रा नर असो की मादी, तोही 'वच्चिंदि'. (लाडात येऊन कुत्र्याला 'वाडु' म्हणणारे भेटतात, ते वेगळे.) शाळेत नि अंगणात तेलुगू बोलणाऱ्या मुलीने 'वच्चिंदि'चे मराठी 'आली' केले. तिच्या परीने ते बरोबरच होते.

मराठीत रस्त्यावरचे ते 'कुत्रं' असते. घरात घेऊन नाव ठेवले की त्याचा 'तो' होतो. म्हणून नाव महत्त्वाचे. वाघ्या, मोत्या, खंड्या ही आपली जुनी नावे. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्याची समाधी दाखवतात. पण वाघ्या खंडोबाच्या भक्तालाही म्हणतात आणि खंड्या माणसाचेही नाव असू शकते. शेजारी राजू राहत असेल तर कुत्र्याला राजू म्हणण्याची सोय नाही, भांडण ठरलेले. टॉमी, जॅकी, रॉकी ही नावे गल्लीत कोणाचीच नसतात. इंग्रजी नाव निवडण्यामागे साहेबी ऐट असते असे म्हणतात. थोडी असेलही, पण मला त्यात शेजारधर्मच अधिक दिसतो.

गंमत अशी की टॉमी हे मुळात टोपणनावच. थॉमसचा टॉम आणि टॉमचा लाडाने टॉमी. शेवटचा तो 'ई' इंग्रजीत जे काम करतो, तेच मराठीत 'या' करतो : गणूचा गण्या, पांडूचा पांड्या. आपल्याकडे टॉमीचा पुन्हा टॉम्या होतो. म्हणजे लाड दोनदा झाले, एकदा इंग्रजीत आणि एकदा मराठीत. विभक्तीतही फरक पडतो. माळीचे 'माळ्याला' होते, टॉमीचे मात्र 'टॉमीला'च राहते. 'टॉम्याला' म्हटले की तो टॉम्या झाला, घरचा झाला.

त्या निबंधाच्या शेवटी आजीचे एक वाक्य अवतरणात होते : "टॉम्या, मुडद्या, कुठं उंडारत होतास?" साऱ्या निबंधात लिंग चुकले होते, या एका वाक्यात नव्हते. ते तिने भाषांतर करून लिहिलेले नव्हते, कानांनी ऐकलेले होते. पुढच्या तासाला मी वर्गाला व्याकरणाचा नियम सांगितला नाही. घरातली वडीलधारी माणसे जनावरांना काय काय म्हणतात, ते ऐकून जसेच्या तसे लिहून आणायला सांगितले.