टाकीपासून पंपापर्यंत

चि. बाळ यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. नारायणगावाहून टोमॅटो घेऊन वाशीला गेलेली पिकअप परतताना, रिकामी असूनही, माळशेजच्या चढावर दम टाकते, आणि रात्रभर उभी राहिली की सकाळी बॅटरी उतरेपर्यंत स्टार्टर मारला तरी चालू होत नाही, हे वाचून काळजी वाटली. परंतु त्याहून अधिक काळजी वाटली ती मिस्त्रींच्या सल्ल्यावरून डिझेल पंप उतरवून सर्व्हिसला देण्याची तजवीज तू केली आहेस, या शेवटच्या ओळीने. ती तजवीज तूर्त तहकूब कर. इतकी वर्षे इमानाने राबलेल्या गाडीतील सर्वांत महाग अवयवावर आरोप ठेवण्यापूर्वी त्याच्याविरुद्ध काही पुरावा आहे की नाही हे पाहणे मालकाचे कर्तव्य होय. आणि येथे तर तुझ्याच पत्रातील एक वाक्य त्याच्या बाजूने साक्ष देते. फिल्टरवरचा हँड पंप आठ-दहा वेळा दाबला की गाडी लगेच चालू होते, असे तू लिहितोस. डिझेल पंप अथवा नोझल निकामी झाले असते, तर केवळ हाताने डिझेल पुढे ढकलल्याने गाडी इतक्या सहज चालू झाली नसती. तेव्हा दोष डिझेल फवारण्यात नसून ते पंपापर्यंत पोचण्यात आहे, असे धरून तपासाला लाग.

तुझ्या गाडीत टाकीतून डिझेल ओढण्याचे काम डिझेल पंपाच्या पोटातला लहानसा पंपच करतो. म्हणजे टाकीतल्या जाळीपासून फिल्टर ओलांडून पंपाच्या तोंडापर्यंतची सारी वाट ओढीखाली असते. या वाटेवर नळीला भेग पडली, क्लॅम्प सैल झाला, किंवा फिल्टर बदलताना बेंजो बोल्टचे तांब्याचे वायसर जुनेच पुन्हा बसवले, तर इंजिन चालू असताना तेथून डिझेल बाहेर गळत नाही, उलट बाहेरची हवा आत शिरते. आणि म्हणूनच नळी कोरडी आहे, जमिनीवर ठिपका नाही, एवढे पाहून चांगले जाणते कारागीरही तिला निर्दोष ठरवून मोकळे होतात. रात्री त्याच फटीतून हवा आत येते, नळीतले डिझेल हळूहळू टाकीकडे परतते, आणि सकाळी पंपाच्या वाट्याला डिझेलऐवजी हवा येते. नोझलवरून निघणाऱ्या रिटर्नच्या बारीक नळ्याही इंजिनाच्या उष्णतेने कडक होऊन तडकतात व हाच उपद्रव करतात, म्हणून त्याही बोटाने वाकवून पाहा.

परीक्षा अगदी सोपी आहे. पंपात शिरणाऱ्या नळीच्या जागी वीतभर लांबीची पारदर्शक नळी बसव, गाडी चालू कर, आणि उजेडात शांतपणे पाहत राहा. पहिले बुडबुडे जोडणीचे असतात, ते निघून जातील. त्यानंतरही येतच राहिले, तर हवा शिरत आहे हे सिद्ध झाले. मग फिल्टरकडे येणारी टाकीची नळी काढून तेथे दुसरी, धडकी नळी लाव, आणि तिचे टोक इंजिनापेक्षा खाली ठेवलेल्या स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये सोड. बुडबुडे थांबले, तर दोष टाकीकडच्या नळीत. न थांबले, तर फिल्टरच्या माथ्यात, हँड पंपाच्या रबरात किंवा तिथल्या वायसरमध्ये. अर्ध्या तासाच्या या उद्योगाने अर्धी गाडी संशयातून मुक्त होते, आणि खर्च काय तो नळीचा.

चढावरच्या तक्रारीचे कारण मात्र निराळेही असू शकेल. चढावर इंजिनाला डिझेल अधिक लागते, आणि फिल्टर तुंबला असेल किंवा टाकीतली जाळी कचऱ्याने भरली असेल, तर सपाटीवर पुरणारा पुरवठा तेथे अपुरा पडतो. गाडी दम टाकेल तेव्हा सुरक्षित जागी बाजूला घेऊन टाकीचे झाकण उघडून पाहा; फुस्स आवाज होऊन हवा आत गेली आणि गाडी पुन्हा नीट ओढू लागली, तर झाकणाचे श्वासछिद्र बुजलेले आहे. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून आतला माल काचेच्या बाटलीत घे व तासभर ठेव. डिझेल पाण्याहून हलके असल्यामुळे त्यात पाणी असल्यास ते खाली बसेल. पंपाचे भाग डिझेलच्याच वंगणावर फिरतात आणि त्यांच्यातील फट मिलिमीटरच्या सहस्रांशांत मोजावी इतकी सूक्ष्म असते, म्हणून पाणी आणि रॉकेलची भेसळ हे त्यांचे खरे वैरी. पावसाळ्यात रात्री टाकी भरलेली ठेवावी, ती रिकाम्या जागेतल्या दमट हवेचे पाणी डिझेलात उतरू नये याचसाठी.

सकाळी स्टार्टर मारताना सायलेन्सरकडे कुणाला तरी उभे कर. धूर मुळीच नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. पांढरा धूर येत असेल, तर पोचते पण पेटत नाही, आणि मग हीटर प्लग, कॉम्प्रेशन, नोझल यांची चौकशी करावी लागेल.

दोन गोष्टींची सक्त ताकीद देतो. नोझलमधून सुटणारी धार शंभराहून अधिक वातावरणांच्या दाबाची असते व ती कातडीत सुईसारखी घुसते. तिच्यापुढे बोट कधीही धरू नकोस, आणि कुणाच्या हातात घुसलीच, तर जखम कितीही क्षुल्लक दिसो, त्याला तत्काळ शल्यचिकित्सकाकडे ने. दुसरे असे, की पंपावरचा सील केलेला स्क्रू फिरवून जोर वाढवून देतो असे सांगणारा कुणी भेटला, तर त्याला गाडीला हात लावू देऊ नकोस. वाढतो तो काळा धूर आणि इंजिनाची उष्णता.

एवढे सर्व करून, नवा फिल्टर व नवे वायसर घालूनही दोष राहिला, तर पंप अवश्य उतरव, मात्र तो टेस्ट बेंच असलेल्या ठिकाणीच दे. तूर्त पारदर्शक नळीत काय दिसले आणि बाटलीच्या तळाशी काय बसले, ते सविस्तर कळव, आणि माझे उत्तर येईपर्यंत पंपाला पाना लावू देऊ नकोस. सौ. ताईस नमस्कार.