यकृताचा जुनाट आजार आणि रक्त गोठण्याची तपासणी

यकृताच्या जुनाट आजाराच्या रुग्णाचा अहवाल हाती आला की त्यातील ‘पी. टी.’ व ‘आय. एन. आर.’ हे आकडे पाहून घरची माणसे धास्तावतात. म्हणून या तपासणीचा अर्थ आपण थोडक्यात समजून घेऊ.

रक्त गोठविणारी बहुतेक प्रथिने यकृतात तयार होतात. त्यांपैकी काहींना ‘के’ जीवनसत्त्व लागते. रक्तद्रव नळीत किती सेकंदांत गोठतो हे पाहण्याची ‘प्रोथ्रॉम्बिन टाइम’ म्हणजेच पी. टी. ही तपासणी आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्ये मांडली. प्रयोगशाळांची रसायने निरनिराळी असल्याने जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये आय. एन. आर. हे समान माप स्वीकारले. मात्र ते वॉरफरिनसारखी औषधे घेणाऱ्यांसाठी आखलेले होते. निरोगी माणसात ते १ च्या आसपास असते.

यकृत दुबळे झाले की हा आकडा वाढतो. यकृताची कार्यशक्ती किती उरली, याचा अंदाज त्यावरून येतो. ‘के’ जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनाने आकडा सुधारला तर उणीव त्या जीवनसत्त्वाची होती. न सुधारल्यास दोष बहुधा यकृताच्या पेशींत असतो.

परंतु आकडा वाढला म्हणजे रक्त पातळ झाले, असे नव्हे. रक्त प्रमाणाबाहेर गोठू न देणारी प्रोटीन-सी, अँटिथ्रॉम्बिन ही प्रथिनेही यकृतच बनविते व तीही घटतात. आम्हा बँकेतील माणसांच्या भाषेत सांगायचे तर ही तपासणी खात्याची जमा बाजू पाहते, नावे बाजू पाहत नाही. मग खरी शिल्लक कशी कळणार? म्हणूनच आय. एन. आर. वाढलेल्या रुग्णाच्याही यकृताकडे जाणाऱ्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांतून होणारा रक्तस्राव तर मुख्यतः शिरांतील दाब वाढल्यामुळे होतो.

यास्तव केवळ आकडा सुधारावा म्हणून प्लाझ्माच्या पिशव्या चढविण्याचा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. त्याने हा दाब उलट वाढू शकतो. निर्णय डॉक्टरांचा, मात्र त्याचे कारण विचारण्याचा आपणास हक्क आहे.

दारू पूर्ण वर्ज्य करावी. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौचास झाल्यास आकड्याची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. सर्व अहवाल तारखेवार एका फाइलीत ठेवावेत. एका आकड्यापेक्षा आकड्यांची चाल डॉक्टरांना अधिक सांगते.