कागद आणि कुणबी : जोतीरावांची लाचलुचपत-मीमांसा

एकोणिसाव्या शतकातील अनेक लेखकांनी लाचखोरीकडे व्यक्तीचा दुर्गुण म्हणून पाहिले. जोतीराव फुले (१८२७–१८९०) यांनी तिच्यात समाजरचनेतील विषमतेचे फळ पाहिले, आणि येथेच त्यांच्या विचाराचे वेगळेपण आहे.

‘गुलामगिरी’ (१८७३) हा धोंडीबा व जोतीराव यांच्यातील संवाद. त्याच्या तेराव्या प्रकरणात मामलेदारापासून इंजिनीयर खात्यापर्यंतच्या कामगारांचा समाचार घेतलेला आहे. जोतीराव स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत. तेव्हा निदान या शेवटच्या खात्याविषयीचे त्यांचे ज्ञान ऐकीव नव्हते. मात्र मीमांसा पूर्णत्वास जाते ती ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात. गोरा अधिकारी ऐषआरामात गुंग, रयतेच्या खऱ्या स्थितीची चौकशी करण्यास त्याला सवड नाही. परिणामी सत्ता दप्तर लिहिणाऱ्याच्या हाती जाते, असे दुसऱ्या प्रकरणाचे प्रतिपादन आहे. अर्ज लिहवून घ्यावयाचा तर कुणब्याने त्याच्याच दारी जावे, जबानीत काय उतरले हेही त्यालाच विचारावे. लाच ही जणू निरक्षरतेवर बसविलेली पट्टी ठरते. सरकारी साऱ्याहून निराळी, पण तितकीच चुकविता न येणारी.

हंटर आयोगापुढील १९ ऑक्टोबर १८८२ चे निवेदन याच संदर्भात वाचले पाहिजे. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, ही त्यातील मुख्य तक्रार. किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी. शाळेची मागणी आणि कचेरीतील लुबाडणुकीचा प्रतिकार या जोतीरावांच्या लेखी दोन गोष्टी नव्हत्या.

त्यांची भाषा एका जातीवर सरसकट आरोप करते आणि इंग्रजी राज्याकडून फार अपेक्षा बाळगते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु दख्खनेत कुळकर्णाची वतने व कारकुनी बहुतांशी कोणाकडे होती, हेही विसरता येत नाही. शिवाय ‘असूड’मध्ये वाढते सारे व गोऱ्या अधिकाऱ्यांचे भरमसाट पगार यांनाही फटके बसले आहेतच.

हा मजकूर स्वकीयांनाही सहज पचला नाही. ‘दीनबंधु’ या सत्यशोधकी वर्तमानपत्रात आरंभीचा भाग छापला गेला आणि पुढील छपाई थांबली. जोतीरावांनी मात्र बडोद्यास सयाजीराव गायकवाडांपुढे ग्रंथ वाचला; तसाच तो हडपसर, जुन्नर, ओतूर येथे, ज्यांना तो स्वतः वाचता आला नसता अशा शेतकऱ्यांना, मोठ्याने वाचून दाखविला.