सळईचा व्यास आणि वर्तुळाचे क्षेत्रफळ

भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभा राहिला. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. भिलाई त्या वेळी मध्य प्रदेशात होते. २००० सालापासून ते छत्तीसगड राज्यात आहे. येथील रेल्वेचे रूळ सर्वपरिचित आहेत. परंतु घरांच्या व पुलांच्या काँक्रीटमध्ये घालावयाच्या गोल सळयाही येथे तयार होतात. अशी सळई आडवी कापली असता जो छेद दिसतो, तो वर्तुळाकार असतो. एकाच प्रतीच्या पोलादाची सळई किती ताण सहन करील आणि तिचे वजन किती भरेल, हे या वर्तुळाच्या क्षेत्रफळावरून ठरते.

हे क्षेत्रफळ कसे काढावे? एखाद्या गोल भाकरीचे मध्यापासून कडेपर्यंत पुष्कळ अरुंद तुकडे केले आणि ते एक सुलटा, एक उलटा असे शेजारी शेजारी मांडले, तर जवळजवळ आयत तयार होतो. तुकडे जितके अरुंद, तितका हा आयत अधिक रेखीव. त्याची लांबी अर्ध्या परिघाएवढी व रुंदी त्रिज्येएवढी असते. म्हणून अर्धा परीघ गुणिले त्रिज्या हे वर्तुळाचे क्षेत्रफळ होय. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास हाच नियम सांगितला आहे. २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ असतो, असेही त्याने नमूद केले आणि हे मान 'आसन्न', म्हणजे जवळपासचे आहे, असे स्पष्ट केले. परीघ व व्यास यांच्या या गुणोत्तरास आज 'पाय' म्हणतात. त्याची किंमत सुमारे ३.१४१६ येते. अर्धा परीघ म्हणजे पाय गुणिले त्रिज्या. म्हणून क्षेत्रफळ म्हणजे पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग.

तथापि भरीव सळईचा मध्यबिंदू हाती लागत नाही. कॅलिपरने मोजता येतो तो व्यास. त्रिज्या व्यासाच्या निम्मी असल्याने तिचा वर्ग व्यासाच्या वर्गाच्या चौथ्या हिश्शाएवढा असतो. म्हणून व्यासाच्या वर्गाला पायने गुणून ४ ने भागावे. त्रिज्येच्या जागी चुकून व्यासच घातला, तर उत्तर चौपट येते.

१६ मिलिमीटर व्यासाच्या सळईचे उदाहरण घेऊ. १६ चा वर्ग २५६, त्यास ३.१४१६ ने गुणून ४ ने भागल्यास सुमारे २०१ चौरस मिलिमीटर क्षेत्रफळ मिळते. पोलादाच्या एका घनमीटरचे वजन ७,८५० किलोग्रॅम धरतात. त्यावरून या सळईच्या एक मीटर लांबीचे वजन सुमारे १.५८ किलोग्रॅम येते. बांधकामावर हाच हिशेब थोडक्यात करतात : मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करून त्यास १६२ ने भागावे. या १६२ मध्ये पायची किंमत व पोलादाची घनता ही दोन्ही सामावलेली आहेत.

आता समजा, कामावर १६ मिलिमीटरची सळई संपली आणि आठ व आठ सोळा होतात, अशा समजुतीने कोणी एकीऐवजी ८ मिलिमीटरच्या दोन सळया घातल्या. अशा एका सळईचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस मिलिमीटर असते. दोहोंचे मिळून १०० होते. म्हणजे तुळईतील त्या जागचे पोलाद निम्म्यावर आले. तेवढ्याच क्षेत्रफळासाठी ८ मिलिमीटरच्या चार सळया लागतील. याउलट १२ मिलिमीटरच्या दोन सळयांचे क्षेत्रफळ मूळ सळईहून थोडे अधिकच भरते. असा बदल करावा की नाही, हे अभियंत्यानेच ठरवावयाचे असते. कारण सळयांमधील अंतर व काँक्रीटवरील पकड यांचाही विचार करावा लागतो.

काँक्रीट ओतल्यानंतर सळई दृष्टीआड होते आणि ही चूक बाहेरून दिसत नाही. म्हणून व्यासांची नव्हे, तर व्यासांच्या वर्गांची बेरीज करावी आणि ती काँक्रीट ओतण्यापूर्वी करावी.