वडगाव निंबाळकर: उसाचं वेळापत्रक पाहून काढायची सायकल

वडगाव निंबाळकरच्या आसपास सायकलसाठी निवांत रस्ता कुठला, असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, कुठल्या महिन्यात निघताय? नीरा आणि बारामती यांच्या साधारण मध्यावर हे गाव आहे. खाली नीरा नदी, वर नीरा डावा कालवा आणि दोन्हींच्या मध्ये ऊसच ऊस. इथल्या रस्त्यांवरची वर्दळ ऊस, पाणी आणि साखर कारखाना हे तिघं मिळून ठरवतात. ऑगस्टमध्ये जो रस्ता अख्खा तुमचा असतो, तोच डिसेंबरच्या रात्री जिवावर बेतू शकतो. नकाशात हे दिसत नाही. मला ते समजलं ते ऐन पावसाळ्यातल्या एका फिसकटलेल्या बेतामुळे, म्हणून आधी तो प्रवास सांगतो.

पोहोचण्याचं एका ओळीत: पुण्याहून सासवड, जेजुरी, नीरा आणि तिथून बारामती रस्ता. नीरा हे पुणे–मिरज लोहमार्गावरचं स्थानक आहे.

आमचा बेत साधा होता. वडगावातून सकाळी निघायचं, नदीवरच्या एखाद्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून सातारा जिल्ह्यात उतरायचं, फलटणच्या बाजूने फिरून सांगवीच्या पुलावरून परत यायचं. आकाश निरभ्र होतं, रस्ता कोरडा होता. बंधाऱ्याजवळ पोहोचलो तेव्हा पाणी त्याच्या माथ्यावरून वाहत होतं. म्हशी घेऊन परतणाऱ्या एका गृहस्थांनी लांबूनच हात केला. “पाव्हणं, माघारी फिरा. वीरचं पाणी सोडलंय.”

नवख्या माणसाला इथे नेहमी चकवा बसतो. हा पट्टा पर्जन्यछायेचा. इथे आठवडाभर थेंब नसला तरी भोरच्या डोंगरात पाऊस कोसळत असतो. भाटघर, नीरा-देवघर ही धरणं भरत आली की पाणी वीर धरणात येतं आणि वीरचे दरवाजे उघडले की इथली नदी बघता बघता फुगते. त्यामुळे जुलै ते सप्टेंबर नदी ओलांडायची असेल तर वीरच्या विसर्गाची बातमी आदल्या रात्री पाहायची, सकाळी गावात पुन्हा विचारायचं आणि माथ्यावरून पाणी दिसलं की परतायचं. घोटाभर पाण्यातही सायकलचं चाक पायांच्या आधी सरकतं.

दक्षिण बंद झाली म्हणून आम्ही उत्तर धरली. कालवा ओलांडला आणि दोन-चार चढांतच सगळं बदललं. खाली उसाच्या भिंतींमधून जाणारा दमट रस्ता, वर एकदम उघडा माळ. बाजरी कणसात आलेली, मधे हुलगा-मटकीच्या पट्ट्या, आणि बाकी गवत. बागायत संपून जिरायत सुरू होते ती ही रेघ. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी हा कालवा काढला, १८८५ च्या सुमारास त्याला पाणी आलं आणि त्याच्या खालची जमीन हळूहळू उसाची झाली. वरची तशीच कोरडवाहू राहिली. एकाच तालुक्यातले हे दोन मुलूख कालव्याच्या दोन काठांवर दिसतात, आणि सायकलवर ते अंगाला जाणवतात: हवा बदलते, वास बदलतो, वारा मोकळा होतो.

मुढाळे, मुर्टी, लोणी भापकर या गावांच्या बाजूचे रस्ते त्या दिवशी जवळजवळ मोकळे होते. मधूनच एखादी दुधाची मोटारसायकल, शाळेची मुलं, मेंढरांचा कळप. बाकी माळटिटवीची ओरड आणि चंडोलाची शीळ. मागून हॉर्न येत नाही म्हटल्यावर माणूस मान वर करून सायकल चालवतो, आणि मग दूरवरचा माळ, ढगांच्या सावल्या, बांधावरची एकटी बाभूळ असं सगळं दिसायला लागतं. घाट, किल्ले, धबधबे यांच्या नावावर धावणाऱ्या पुण्या-मुंबईकरांना या माळाचं नावही ठाऊक नसतं. शनिवार-रविवारी लोणावळ्याच्या कोंडीत तासन्‌तास उभं राहायचं आणि त्याला भटकंती म्हणायचं, हे मला पटत नाही.

लोणी भापकरला मात्र थांबाच. मल्लिकार्जुनाचं जुनं दगडी मंदिर, दत्तमंदिराजवळची कोरीव पुष्करणी आणि यज्ञवराहाचं शिल्प. यादवकाळातलं हे काम मानलं जातं. पुष्करणीच्या देवकोष्ठांसमोर निवांत उभं राहावं असं आहे आणि गर्दी नसल्यामुळे राहताही येतं.

परतताना एका वस्तीपाशी दोन्ही चाकं बसली. कारण होते सराटे. सराटा ही जमिनीवर पसरणारी पिवळ्या फुलांची वेल, तिचं काटेरी फळ कसंही पडलं तरी एक टोक वर राहतंच. वस्तीवरच्या आजोबांनी न मागता पाण्याची बादली आणून ठेवली आणि ट्यूब बुडवून भोक शोधेपर्यंत शेजारी बसून राहिले. आता याल तेव्हा कधी याल, असं त्यांनी विचारलं. दिवाळीनंतर थंडीत, असं आम्ही म्हणालो. त्यांनी मान हलवली. “मग वरच्या अंगानंच या. कारखाना पेटला की खालचा रस्ता आमचासुदीक नसतोय, उसाचा असतोय. अंधार पडल्यावर तर आमीबी गाडी काढत न्हाई.”

या एका वाक्यावर पुढचं सगळं मार्गदर्शन उभं आहे.

जून ते सप्टेंबर: कालव्याच्या वरचा माळ. रस्ते मोकळे, गवत हिरवं. या काळात वारा पश्चिमेकडून जोरात असतो, म्हणून सकाळी तोंड पश्चिमेला ठेवा आणि थकल्यावर पूर्वेला परता. आषाढीच्या आधी संत सोपानकाकांची पालखी याच नीरा–बारामती बाजूने पंढरपूरला जाते. ते दिवस वारकऱ्यांचे. चालायला जा, सायकल घेऊन घुसू नका. श्रावणी सोमवारी करंज्याच्या सोमेश्वराला मोठी गर्दी असते, तेव्हा तो भाग टाळा.

ऑक्टोबर ते गाळप सुरू होईपर्यंत: वर्षातला सर्वांत चांगला काळ. ऊस उभा आहे, ट्रॅक्टर अजून शेतात उतरलेले नाहीत, खालचे आणि वरचे दोन्ही रस्ते मिळतात.

गाळप हंगाम, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च: सोमेश्वर आणि माळेगाव हे दोन्ही कारखाने याच रस्त्याच्या आसपासचे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, बैलगाड्या आणि टायरगाड्या रात्रंदिवस चालतात. ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी ऊस बाहेर आलेला असतो आणि चालकाला मागचं काही दिसत नाही. म्हणून ट्रॅक्टर मागून आला की रस्ता सोडून उभं राहा. पुढच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करायचंच असेल तर दोन्ही ट्रॉल्यांची लांबी धरून पुढचा रस्ता मोकळा आहे का ते पाहा. पडलेली उसाची मोळी आणि शेतातून आलेला चिखल वळणावर हमखास असतो. सूर्य मावळायच्या आत मुक्कामी पोहोचा. माळावर मात्र याच दिवसांत ज्वारी हुरड्यात येते, त्यामुळे हिवाळा फुकट जात नाही.

गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावर, एप्रिल-मे: रस्ते रिकामे, पण ऊन कडक. पहाटे निघून दहाच्या आत आवरा.

आता कालव्याच्या कडेचा रस्ता. मैलोन्‌मैल सपाट, झाडांची सावली, शेजारी वाहतं पाणी. स्पेनमध्ये बंद पडलेल्या लोहमार्गांवर १९९३ पासून ‘विया व्हेर्दे’ नावाचे सायकलमार्ग करत गेले आणि ते ३,००० किलोमीटरच्या वर गेले आहेत. आपल्याकडे तसा मार्ग आखायचा झाला तर पहिला हक्क या कालव्याच्या काठाचा आहे, असं माझं ठाम मत आहे. आज मात्र तो पाटबंधारे खात्याचा देखभालीचा रस्ता आहे. अडवलं तर हुज्जत न घालता मागे फिरा. पाण्याचं आवर्तन चालू असताना शेतकऱ्याचा जीव त्या पाण्यात अडकलेला असतो. चारीच्या दारापाशी गर्दी करू नका, पाइपांवरून सायकल नेऊ नका. आणि कालव्यात उतरू नका. कडा निसरड्या आहेत, ओढ वरून दिसते त्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे, आणि पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही.

सराट्यांसाठी तयारी: टायर किमान ३२ मिलिमीटरचा, ट्यूबलेस असेल तर आत सीलंट ताजं, नसेल तर जादा ट्यूबा आणि एक चिमटा. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. राहिलेला काटा कापूस धरतो, बोटाला तो सापडत नाही. रस्त्यावरून खाली उतरताना सायकल उचलून न्या.

मेंढपाळांची कुत्री सायकलवर धावून येतात. ते त्यांचं कामच आहे. उतरा, सायकल मधे धरा, कळपाला वळसा घालून चालत जा आणि धनगराला हाक मारा. माळावरून सुप्यापर्यंत गेलात तर तिथलं मयूरेश्वर अभयारण्य चिंकारांसाठी १९९७ साली झालं आहे हे लक्षात ठेवा. क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर. तिथे ठरलेली वाट सोडून माळावर सायकल घालू नका, ड्रोन उडवू नका.

हल्ली अशा रस्त्यांवर मोठे गट येऊ लागले आहेत. सायकलला स्पीकर, मागे गाडी, आणि गेल्यावर बांधावर एनर्जी जेलची रिकामी पाकिटं. ती पाकिटं शेळ्या खातात. सायकलस्वाराचा कस सरासरी वेगात नसतो, मेंढरं आडवी आली तेव्हा तो काय करतो यात असतो. चार-सहा जणांहून जास्त येऊ नका, कचरा परत न्या, चहा-नाश्ता गावातल्या हॉटेलात घ्या.

आणि शेवटचं, गटांसाठी. हंगामाच्या तोंडावर ट्रॉल्यांना आणि बैलगाड्यांना परावर्तक पट्ट्या लावल्या जातात, तरी अंधारात बिनपट्टीची गाडी भेटतेच. लाल पट्टीचं एक रीळ पिशवीत ठेवा. ट्रॅक्टर उभा दिसला तर चालकाला विचारा आणि मागच्या फळीला पट्टी लावून द्या. रस्ता वर्षभर वापरणाऱ्या गावकऱ्यांच्या ती रात्री कामाला येईल, आणि पाहुण्याने इतकं तरी करायलाच हवं.