शेजारच्या टेबलाचा पगार

चि. दादू यास,


हिंजवडीतल्या मित्राचं पॅकेज ऐकल्यापासून जिल्हा परिषदेत लागून फसलो, असं तुझ्या मनाने घेतलंय. फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

हिशेब करायचा तर दोन्हीकडे सारखा कर. मित्र सांगतो तो वर्षाचा सीटीसी. त्यात कंपनीने भरायचा पीएफसुद्धा बहुधा धरलेला असतो. तू मात्र 19,900 एवढं मूळ वेतनच धरून बसतोस. महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, वर्षाची 3 टक्के वेतनवाढ आणि एनपीएस या पेन्शन योजनेत तुझ्या 10 टक्क्यांपुढे सरकार भरतं ते 14 टक्के, हे सगळं कुणाच्या खात्यात जातं?

शिवाय तो इंजिनिअर, तू कनिष्ठ सहायक. तुलना खासगी कचेरीतल्या कारकुनाशी व्हायला हवी. सातव्या वेतन आयोगाने अहमदाबादच्या आयआयएमकडून असाच अभ्यास करून घेतला होता. केंद्राच्या सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याला सगळं धरून 22,579 रुपये मिळत होते. तशाच कामाला खासगीत 8,000 ते 9,500. वरच्या पदांवर मात्र पारडं फिरतं. मंत्रिमंडळ सचिवाला त्याच आयोगाने महिना अडीच लाख ठरवले, मोठ्या कंपन्यांचे प्रमुख वर्षाला कोटींत कमावतात. आपण ज्या पायरीवर आहोत, तिथे सरकार कमी देत नाही.

नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली, ही सल खरी आहे. मार्च 2023 चा संप त्यातूनच झाला. पण खासगी नोकरदारांच्या ईपीएस-95 योजनेत किमान पेन्शन महिना 1,000 रुपये आहे, हेही विसरू नकोस. आयुष्यभर कारखान्यात राबलेली माणसं त्यावर म्हातारपण काढतात.

अन्याय बघायचाच असेल तर शेजारच्या टेबलाकडे बघ. तिथली कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर तुझ्याच फायली, तुझ्यासारख्याच संगणकावर, तुझ्याइतकाच वेळ करते. तिच्या हातात 11 महिन्यांचा आदेश, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा नवा आदेश. वेतनवाढ नाही, रजा मागायची भीती. समान कामाला समान वेतनाचं तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये पंजाबच्या खटल्यात सांगितलं. तरी आदेशावरचा तिचा आकडा हलत नाही.

आता आठवा वेतन आयोग बसलाय. जुन्या मूळ वेतनाला ज्या आकड्याने गुणून नवं ठरतं, त्या फिटमेंट फॅक्टरवर संघटनेच्या सभेत सगळेच बोलतील, तूही बोल. आपल्या घामाचं मागण्यात गैर काही नाही. पण त्याच सभेत उठून कंत्राटी लोकांचा ठराव मांड, आणि तो इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय खाली बसू नकोस.

तब्येतीला जप. वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या